आउटफिल्डमधला पोरगा वर जाईल का, हे कसं ओळखायचं

२०२४ च्या मोसमात न्यू जर्सीतल्या सॉमरसेट पेट्रियट्स या बेसबॉल संघाचा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला फिल्डर) स्पेन्सर जोन्स १२२ सामन्यांत २०० वेळा स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला. ब्रिजवॉटरच्या मैदानावर माझ्या शेजारी बसणारा पुण्याचा मित्र तेव्हा म्हणाला, "अरे, हा दर सामन्याला दीड-दोनदा बॅट फिरवून परत येतो. याला वर, मेजर लीगमध्ये, कोण घेणार?" पुढच्या वर्षी त्याच जोन्सने डबल-ए आणि ट्रिपल-ए या मेजर लीगच्या लगेच खालच्या दोन पायऱ्या मिळून ३५ होमरन (चेंडू थेट कुंपणापार) ठोकले आणि मित्राने पलटी मारली, "बघ, दुसरा जज!" म्हणजे यांकीजचा होमरनवीर ॲरन जज. दोन्ही वेळा तो एकेकच आकडा बघत होता आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात अर्धंच उत्तर होतं.

सॉमरसेट पेट्रियट्स हा २०२१ पासून न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग क्लबचा डबल-ए संघ आहे आणि एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना हे मैदान अगदी हाकेच्या अंतरावर आहे. तिकीट यांकी स्टेडियमच्या मानाने किरकोळ, खुर्ची खेळाडूच्या इतकी जवळ की बॅटचा आवाज पोटात जाणवतो. नुसतं हॉटडॉग खाऊन परत येण्यापेक्षा यातला कोण पुढे जाईल याचा अंदाज बांधायला शिकलात, तर संध्याकाळ दुप्पट वसूल होते. मी ज्या क्रमाने बघतो, तोच इथे मांडतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक शेवटी बघायची गोष्ट आधी बघतात.

आधी वय बघा, मग पायरी

कुठलाही आकडा उघडण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहा: पोराचं वय आणि तो कुठल्या पायरीवर खेळतोय. शिडी अशी आहे: डोमिनिकन समर लीग, मग फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या सराव-संकुलांच्या लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. वरच्या चार पायऱ्यांवर प्रत्येकी ३०, असे एकूण १२० संघ आहेत. डबल-एतल्या खेळाडूचं सरासरी वय साधारण २४, ट्रिपल-एत त्याहून दोनेक वर्षं जास्त.

आता १९ वर्षांचा पोरगा डबल-एत ०.२५० मारतोय (हे बॅटिंग ॲव्हरेज, म्हणजे चारात एक हिट) आणि २४ वर्षांचा बाप्या हाय-एत ०.३१० मारतोय. मी डोळे मिटून पहिला घेतो. शाळेच्या स्पर्धेत सातवीच्या गोलंदाजांना दहावीच्या पोराने झोडपलं तर आपण त्याला शाबासकी देत नाही, तसंच हे.

वॉन सोटोची गोष्ट यासाठी लक्षात ठेवा. २०१८ च्या एप्रिलमध्ये तो सिंगल-एत हेगर्सटाउनला होता. तिथून हाय-ए, मग डबल-ए. डबल-एत तो फक्त ८ सामने खेळला. २० मे २०१८ ला १९ व्या वर्षी तो वॉशिंग्टनच्या मुख्य संघातून मैदानात उतरला आणि त्या मोसमात ०.२९२ च्या सरासरीने २२ होमरन मारले. इतक्या भरभर कोणी वर जातो तेव्हा क्लबच्या माणसांनी आकड्यांपलीकडचं काहीतरी पाहिलेलं असतं. म्हणून बढतीची तारीख ही सुद्धा एक माहिती समजा.

पोरगा संघात आला कसा, तेही टिपा. कॉलेजमधून ड्राफ्ट झालेला (क्लबांनी आळीपाळीने निवडलेला) खेळाडू २१-२२ व्या वर्षी सुरुवात करतो, त्यामुळे तो हाय-एत गाजला तर फार हुरळून जायचं नाही. डोमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलाहून १६-१७ व्या वर्षी करार केलेल्या पोराला मात्र वेळ द्यावा लागतो.

स्ट्राइकआउट आणि वॉक: इथे थांबा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. बॅटिंग ॲव्हरेज नंतर.

कारण साधं आहे. ॲव्हरेजमध्ये नशीब भरपूर मिसळलेलं असतं. मैदानात मारलेला चेंडू झेलाच्या बाहेर पडणं, खालच्या लीगमध्ये शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरने) तो हातातून सोडणं, ढेकळावरून उडणं, असं बरंच काही. मैदानात पडलेल्या चेंडूंवर मेजर लीगमध्ये साधारण दर दहात तीन हिट मिळतात. सिंगल-एत एखाद्याला दहात चार मिळत असतील, तर त्यातला काही भाग त्याच्या पायांचा आणि काही भाग समोरच्यांच्या ढिसाळ फिल्डिंगचा असतो. वर गेल्यावर दुसरा भाग गळून पडतो.

स्ट्राइकआउटमध्ये मात्र फिल्डर नसतात. पिचर (चेंडू टाकणारा) आणि फलंदाज, एवढेच. शिवाय हा आकडा लवकर स्थिरावतो. साठेक वेळा फलंदाजीला आल्यावर स्ट्राइकआउटचं प्रमाण बऱ्यापैकी बोलायला लागतं, वॉकला (चार चेंडू बाहेर पडल्याने फुकट मिळालेल्या पहिल्या बेसला) त्याच्या दुप्पट लागतात. ॲव्हरेजला अख्खा मोसमही पुरत नाही. म्हणून मे महिन्यात कोणी "०.३४० मारतोय!" म्हणालं तर मी मान हलवतो आणि स्ट्राइकआउट विचारतो. मेजर लीगची अलीकडची सरासरी डोक्यात ठेवा: शंभर वेळा प्लेटवर आल्यास २२-२३ स्ट्राइकआउट आणि साधारण ८ वॉक.

आता जवळून एक उदाहरण. रोनाल्ड अकुन्या ज्युनियर, २०१७, वय १९. त्या एका वर्षात तो तीन पायऱ्या चढला.

हाय-एत १२६ वेळा फलंदाजी, ४० स्ट्राइकआउट, म्हणजे शंभरात जवळजवळ ३२. सरासरी ०.२८७.
डबल-एत २४३ वेळा, ५६ स्ट्राइकआउट, शंभरात २३. सरासरी ०.३२६.
ट्रिपल-एत पुन्हा २४३ वेळा, ४८ स्ट्राइकआउट, शंभरात २० हून कमी. सरासरी ०.३४४.

पिचर दर पायरीला कठीण होत गेले आणि हा पोरगा दर पायरीला कमी फसत गेला. यापेक्षा स्पष्ट खूण मी तरी पाहिलेली नाही. पुढच्या वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पण हाय-एतल्या त्या पहिल्या १२६ वेळांवरच कोणी निकाल लावला असता तर? म्हणून स्ट्राइकआउटचा एकटा आकडा न बघता तो कुठल्या दिशेला चाललाय ते बघा. दर महिन्याचा वेगळा लिहा. बढती मिळाल्यावर पहिला महिना वाईट जातो, तो चालतो. तिसरा महिनाही तसाच असेल तर पेन्सिलीने खूण करा.

थोडं खोलात जायचं असेल तर बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर ट्रिपल-ए आणि सिंगल-एतल्या फ्लोरिडा स्टेट लीगची मोजमापं सगळ्यांना मोफत दिसतात. तिथे दोन गोष्टी शोधा: स्ट्राइक झोनमधल्या (फलंदाजासमोरच्या गुडघा ते छाती या चौकटीतल्या) चेंडूला बॅट किती वेळा लागते आणि झोनबाहेरच्या चेंडूमागे तो किती वेळा धावतो. बाहेरच्या चेंडूवर फसणारा पोरगा शिकू शकतो, ती सवयीची गोष्ट आहे. झोनमधल्या चेंडूला ज्याची बॅट शंभरात ७५ वेळाही लागत नाही, त्याचं दुखणं मुळातलं आहे.

ताकद: होमरन मोजू नका, चेंडूचा वेग मोजा

विशीतल्या पोराचे होमरन कमी असले तरी घाबरायचं नाही. शरीर भरायचं असतं. बघायचं ते हे की चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो. ताशी ९५ मैलांपुढचा चेंडू जोरदार मारलेला धरतात. सरासरी वेगापेक्षा त्याचे सर्वात जोरदार दहा टक्के फटके बघा. ते १०४-१०५ च्या आसपास असतील तर मेजर लीगची ताकद अंगात आहे, असं समजायला हरकत नाही.

मग विचारा, ही ताकद सामन्यात का दिसत नाही? बहुतेकदा उत्तर एकच: चेंडू जमिनीवर आपटतोय. निम्म्याहून जास्त फटके जमिनीलगत जाणारा पोरगा १०८ मैलांनीही सेकंड बेसमनच्या हातातच मारतो. बॅटचा कोन शिकवून बदलता येतो, चेंडूचा वेग फारसा शिकवता येत नाही. मला जमिनीवर जोरात मारणारा पोरगा हवेत हळू मारणाऱ्यापेक्षा आवडतो.

हे आकडे कुठल्या मातीत उगवले?

मुंबईच्या कांगा लीगमध्ये पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर काढलेल्या तीस धावांची किंमत पाटा खेळपट्टीवरच्या शतकाइतकी असते, हे तिथे खेळलेला माणूस न सांगता जाणतो. मायनर लीगमध्येही अगदी असंच आहे.

कोलोरॅडोचा ट्रिपल-ए संघ अल्बुकर्कीला खेळतो. ते शहर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. हवा विरळ, चेंडू तरंगत जातो. रीनो आणि लास व्हेगासही फलंदाजांचेच लाडके. उलट फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये दमट हवा आणि मोठी मैदानं, तिथे १५ होमरन म्हणजे बरंच झालं. म्हणून नुसत्या ॲव्हरेजऐवजी डब्ल्यूआरसी प्लस बघा, म्हणजे फलंदाजाची एकूण कामगिरी लीगशी ताडणारा आकडा. त्यात १०० म्हणजे त्या लीगची सरासरी, १३० म्हणजे तिच्यापेक्षा ३० टक्के सरस. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांचे आकडे वेगळे काढून बघितलेत तर आणखी बरं.

कधी कधी चेंडूच बदलतो. २०२३ च्या पूर्वार्धात डबल-एतल्या सदर्न लीगमध्ये आधीच चिकट लेप दिलेला प्रायोगिक चेंडू वापरला. पिचरांची पकड सुधारली आणि फलंदाजांची दैना झाली. जॅक्सन चोरिओ तेव्हा १९ वर्षांचा होता आणि मिलवॉकीच्या बिलॉक्सी संघाकडून त्याच लीगमध्ये खेळत होता. उत्तरार्धात नेहमीचा चेंडू परत आला आणि चोरिओची बॅट बोलू लागली. त्या डिसेंबरमध्ये मिलवॉकीने एकही मेजर लीग सामना न खेळलेल्या या पोराशी ८ वर्षांचा, ८२ दशलक्ष डॉलरचा करार केला. अख्ख्या मोसमाची सरासरी एकाच ओळीत वाचणाऱ्याला हा करार वेडेपणा वाटला असणार.

अशाच आणखी दोन गोष्टी. ट्रिपल-एत २०२३ पासून सगळ्या मैदानांवर स्ट्राइक ठरवायला यंत्राची मदत आली, त्यामुळे तिथले वॉक आधीच्या वर्षांशी ताडून बघू नका. आणि मोठ्या बेस व पिचरच्या पिकऑफवरची (बेसवरच्या धावणाऱ्याला पकडायला केलेल्या फेकीवरची) मर्यादा आल्यापासून बेस चोरणं, म्हणजे फटक्याशिवायच पुढच्या बेसवर पळणं, सोपं झालंय. ४० चोऱ्या बघून दिपून जाऊ नका, पकडला किती वेळा गेला ते विचारा.

आता लॅपटॉप बंद करा आणि मैदानावर जा

सोबत स्टॉपवॉच, वही आणि पेन्सिल. फोनचं स्टॉपवॉच चालतं, पण बटणाचं जास्त बरं, कारण नजर खाली न्यावी लागत नाही.

बसायचं कुठे? फलंदाज डावखुरा असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूला, उजवा असेल तर पहिल्या बेसच्या बाजूला. म्हणजे त्याची छाती, हात आणि पुढचा पाय समोर दिसतो. दोन-तीन डाव झाले की होम प्लेटच्या मागे वरच्या रांगेत सरका. आउटफिल्डरचे रस्ते तिथूनच नीट दिसतात.

धाव मोजायची ती बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंत. उजव्या फलंदाजाला ४.३ सेकंद ही सरासरी, डावखुऱ्याला ४.२, कारण तो बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो. यापेक्षा तीन दशांश कमी म्हणजे विजेच्या चपळाईचा. बंट केलेला (बॅट आडवी धरून हलका ढकललेला) असेल, किंवा डावखुरा मारता मारताच पळत सुटला असेल, तर ती वेळ खोडून टाका. आणि पिचरकडे सोपा चेंडू मारून निम्म्यात पाय ओढणाऱ्या पोराची वेळही सोडून द्या, पण पाय ओढला हे मात्र लिहून ठेवा.

फिल्डिंग बघायची एक युक्ती आहे आणि ती पहिल्यांदा जमत नाही. चेंडूकडे बघायचं नाही. आपल्याला लहानपणापासून चेंडूमागे मान फिरवायची सवय. ती मोडा. पिचर हात वर घेतो तेव्हाच नजर सेंटरफिल्डरवर रोखा आणि बॅटचा आवाज आला तरी तिथेच ठेवा. चांगला फिल्डर आवाजासरशी एका बाजूला झुकलेला असतो. साधा फिल्डर आधी जागच्या जागी एक उडी घेतो आणि मग दिशा ठरवतो. लेफ्ट-सेंटरच्या मोकळ्या जागेत मारलेल्या चेंडूवर बघा: पाठ फिरवून, मान खाली घालून सात-आठ पावलं धावतो आणि मग बरोबर त्याच जागी वर बघतो का? की संपूर्ण वेळ खांद्यावरून मागे बघत वाकडा पळतो? डोक्यावरून थेट मागे जाणारा चेंडू सगळ्यात कठीण. त्यावर पहिलं पाऊल चुकून पुढे पडणारे पुष्कळ असतात.

मागे एका रात्री मी असाच एका पोराकडे टक लावून बसलो होतो. सहा डाव त्याच्याकडे चेंडूच गेला नाही. पण प्रत्येक पिचला तो फलंदाजाप्रमाणे दोन-तीन पावलं सरकत होता आणि पहिल्या बेसकडे फेक गेली की राइटफिल्डरच्या मागे आधाराला धावत होता. एकही झेल न घेता त्या रात्री तो माझ्या वहीत चढला.

हाताचं बळ बघायला सामन्याआधीचा सराव बरा. फेक ताशी ९५ मैलांच्या पुढे जाणारे मोजके असतात, पण त्यापेक्षा मला कटऑफच्या (फेक मध्येच घेऊन पुढे देणाऱ्या फिल्डरच्या) छातीवर सरळ येणारा चेंडू आवडतो. डोक्यावरून जाणाऱ्या तोफेने धावणारे आणखी एक बेस पुढे जातात.

सेंटर की कॉर्नर (लेफ्ट-राइट)?

आउटफिल्डरच्या बाबतीत सगळं इथे येऊन थांबतं. सेंटरफिल्डमध्ये टिकणाऱ्या पोराला सरासरी फलंदाजीही पुरते. लेफ्टमध्ये ढकलला गेला की त्याच पोराकडून सरासरीच्या बऱ्याच वरची फलंदाजी अपेक्षित असते, कारण लेफ्टला उभं राहू शकणारी माणसं मुबलक आहेत.

केव्हिन किअरमायर २०१० च्या ड्राफ्टमध्ये ३१ व्या फेरीत निवडला गेला, ९४१ वा. फलंदाज म्हणून साधाच. पण सेंटरफिल्डमध्ये त्याने चार गोल्ड ग्लव्ह मिळवले आणि दहाहून जास्त मोसम मेजर लीगमध्ये काढले. म्हणून वहीत फलंदाजीचा निकाल लिहिण्याआधी "सेंटरला टिकेल का?" या प्रश्नासमोर हो किंवा नाही लिहा. पंचविशीत खांदे-मांड्या भरल्यावर वेग किती उरेल, याचाही अंदाज यात धरायचा. इथेच माझे सर्वात जास्त अंदाज चुकलेत.

गुण कसे द्यायचे

स्काऊट २० ते ८० च्या मापात गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ६० चांगला, ७० दुर्मीळ, ८० म्हणजे पिढीतला एखादा. पाच रकाने: फलंदाजी, ताकद, धाव, फिल्डिंग, फेक. प्रत्येकात दोन आकडे लिहायचे: आज किती आणि पूर्ण वाढ झाल्यावर किती. फलंदाजीचा रकाना शेवटी भरा आणि तिथे हात आखडता ठेवा. बाकी चार रकाने ६० असून फलंदाजी ३५ असेल तर ते चार रकाने बहुतेकदा वापरायलाच मिळत नाहीत.

क्लबच्या घड्याळाचीही नोंद ठेवा. १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्या पोराला पाच मोसमांत, त्यानंतर आलेल्याला चार मोसमांत क्लबच्या मेजर लीगसाठीच्या ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब उचलू शकतो. एखाद्याची बढती अचानक झाली तर त्यामागे फॉर्मऐवजी हे घड्याळही असू शकतं.

आणि मेजर लीगच्या पहिल्या काही आठवड्यांवर वही बंद करू नका. आपल्याच न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा माइक ट्राउट २०११ मध्ये पहिल्या ४० सामन्यांत ०.२२० वर होता. पुढच्या वर्षी ०.३२६, ३० होमरन, ४९ चोऱ्या. उलटही घडतं. सॉमरसेटहून गेलेल्या हासन डोमिंगेझने १ सप्टेंबर २०२३ ला पहिल्याच पाळीत जस्टिन व्हर्लँडरला होमरन मारला, ८ सामन्यांत ४ होमरन झाले आणि मग कोपराची शस्त्रक्रिया.

तर मग जोन्सचं काय?

वरच्या क्रमाने जाऊ. २०२४ मध्ये डबल-एत वय २३, म्हणजे लीगच्या सरासरीच्या जवळ. कॉलेजमधून आलेला, २०२२ चा पहिल्या फेरीतला. वयाचं खास श्रेय नाही. स्ट्राइकआउट शंभरात जवळजवळ ३७. २०२५ मध्ये होमरन १७ वरून ३५ वर गेले, पण स्ट्राइकआउट शंभरात ३५ च्या आसपासच राहिले. दिशा आहे, पण अगदी तिरकी.

"दुसरा जज" म्हणणाऱ्यांना मी एकच आकडा दाखवतो. जज २०१६ मध्ये ट्रिपल-एत शंभरात साधारण २४ वेळा स्ट्राइकआउट होत होता. त्याच वर्षी मेजर लीगमध्ये आल्यावर ९५ वेळांत ४२ झाले, हे सगळ्यांना आठवतं. खालचे २४ कोणी आठवत नाही. उंची सारखी असली म्हणून दोघांची गोष्ट सारखी होत नाही.

मग सोडून द्यायचा का? नाही, कारण साडेसहा फुटांचं हे शरीर सेंटरफिल्डमध्ये झपाट्याने धावतं, बेस चोरतं आणि चेंडू भयानक जोरात मारतं. सेंटरला टिकला तर ०.२२० मारूनही तो उपयोगी ठरेल.

२०२५ च्या शेवटी माझ्या वहीत त्याचं पान असं होतं: फलंदाजी आज ३०, पुढे ३५. ताकद ७०. धाव ६०. फिल्डिंग ५५. फेक ५०. सेंटरला टिकेल का: हो, तिशीपर्यंत. खाली मित्राने माझ्या हातून पेन्सिल ओढून घेऊन फलंदाजीचे ३५ खोडले आणि ५० लिहिले. तारीख टाकून सही करायला लावली आहे.